मेटाट्रेडर मार्केटमध्ये ट्रेडिंगची साधनं विकणं : किंमत, भाडं, तपासणी आणि बाकीचे खाचखळगे

काळवीट

एमक्यूएल (मेटाट्रेडर या ट्रेडिंग सॉफ्टवेअरची प्रोग्रामिंग भाषा) येणारी बरीच मराठी मंडळी हल्ली आपली साधनं मेटाट्रेडरच्या मार्केटमध्ये विकायला ठेवतात. कोड चांगला असतो. पण किमतीच्या रकान्यापाशी आलं की शेजारच्या उत्पादनाचा आकडा बघायचा, त्यातून दहा-वीस डॉलर उतरवायचे आणि टाकून मोकळं व्हायचं, हे सर्रास दिसतं. अशी किंमत सहा महिन्यांत अंगावर येते. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

नव्यांसाठी नियम थोडक्यात. मार्केट मेटाक्वोट्स कंपनीचं आहे आणि टर्मिनलच्या आतच उघडतं. विक्रीवर २० टक्के कमिशन. सशुल्क उत्पादनाची किंमत किमान ३० डॉलर. ग्राहक एकदाच पैसे देऊन कायमचं घेतो, किंवा तुम्ही सोय ठेवली असेल तर १, ३, ६ किंवा १२ महिन्यांच्या भाड्याने घेतो. प्रत्येक खरेदीवर किमान ५ अ‍ॅक्टिव्हेशन (एकेका संगणकावर चालवायची परवानगी) द्यावी लागतात. खरेदीआधीचा डेमो फक्त स्ट्रॅटेजी टेस्टरमध्ये (जुन्या भावांवर चालवून बघायच्या सोयीत) चालतो, चालू चार्टवर नाही. सोर्स कोड द्यावा लागत नाही, कंपाइल केलेली फाइल चढवायची. डीएलएल (बाहेरची कोड फाइल) चालत नाही.

आता किंमत. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की कायमची खरेदी करणाऱ्याला पुढचे सगळे अपडेट फुकट मिळतात. तुम्ही पैसे एकदा घेता आणि काम कायमचं पत्करता. टर्मिनलचं नवं बिल्ड येतं, ब्रोकर सिम्बॉलची (चलनजोडी, सोनं वगैरेंची) नावं बदलतात, कुणी नेटिंग खात्यावर (एका सिम्बॉलवर एकच व्यवहार) चालवतो तर कुणी हेजिंगवर (एकाच वेळी अनेक). हे सगळं निस्तरायचा खर्च पहिल्याच किमतीत धरायला हवा.

उदाहरणादाखल एक पॅनेल (चार्टवरची बटणांची पाटी) घेऊ : लॉट (व्यवहाराचा आकार) मोजणं, अर्धी पोझिशन (चालू व्यवहार) बंद करणं, ब्रेकईव्हन (तोटा थांबवायची पातळी, म्हणजे स्टॉप, प्रवेशाच्या भावावर आणणं), ट्रेलिंग (स्टॉप भावामागे सरकवणं). तुमच्या तासाची किंमत १५ डॉलर धरा. एका ग्राहकामागे उत्तरं देण्यात साधारण २ तास, म्हणजे ३० डॉलर. वर्षाकाठी देखभालीचे ६० तास, म्हणजे ९०० डॉलर. वर्षाला ५० प्रती खपतील असं धरलं तर एका प्रतीवर १८. एकूण ४८. कमिशन जाऊन हातात ४८ उरायला हवेत, म्हणून ४८ भागिले ०.८ : ६० डॉलर. ही तुमची जमीन. खप निम्मा झाला तर हीच जमीन ८२.५० वर जाते. मग ३९ डॉलरला ठेवलेल्या पॅनेलमधून कमिशन आणि उत्तरांचा खर्च जाऊन प्रतीमागे जेमतेम १.२० डॉलर उरतो आणि देखभाल अंगावरच पडते, हे कागदावर स्पष्ट दिसतं.

छप्पर ग्राहकाचं खातं ठरवतं. ५०० डॉलरच्या खात्यावर चालवायच्या साधनाला कुणी ४०० देऊ नये, आणि देतो तो ते महिन्याभरात वसूल व्हावेत म्हणून लॉट फुगवतो. खातं उडतं आणि रिव्ह्यूत एक तारा पडतो. माझ्या मते साधनाची किंमत ग्राहकाच्या खात्याच्या पाच ते दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. वरचं पॅनेल हजार-दोन हजार डॉलरची खाती चालवणाऱ्यांसाठी असेल तर ९९ हा आकडा दोन्ही बाजूंनी बसतो.

बॅकटेस्टमध्ये किती नफा दिसतो यावरून किंमत ठरवू नका. तो आकडा तुमच्या सेटिंगचा असतो, ग्राहकाच्या ब्रोकरचा नसतो.

भाड्याबद्दल : एक महिन्याचं भाडं ठेवायचं की नाही यावर मतं घ्यायची आहेत. माझं म्हणणं, पॅनेलला ठेवू नये. २५ डॉलर भाड्यातून हातात २० येतात आणि प्रश्न सगळे पहिल्या आठवड्यातच येतात, म्हणजे ३० डॉलरचं काम आधीच होऊन जातं. पहिल्याच महिन्यात १० डॉलरचा तोटा. ३ महिने ४५ आणि १ वर्ष ८० असं काहीतरी बरं.

---

अनुस्वार

पॅनेलपुरतं सहमत. रोबोला (आपोआप व्यवहार करणाऱ्या साधनाला) मात्र एक महिना ठेवावाच लागतो. डेमो टेस्टरपुरता असल्यामुळे आपल्या ब्रोकरवर, आपल्या स्प्रेडवर (खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकावर) रोबो कसा चालतो हे बघायचा ग्राहकाकडे दुसरा मार्गच नाही. ३०० डॉलर एकरकमी मागितले तर नीट विचार करणारा ग्राहक निघून जातो आणि उतावळा तेवढा उरतो. हा उतावळाच पुढे सगळ्यात जास्त भांडतो. महिन्याचं भाडं पूर्ण किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवलं तर दोन्ही बाजूंना न्याय होतो : ३०० ला १००. त्याहून फार स्वस्त केलं तर लोक महिना घेतात, मधे सोडतात, तीन महिन्यांनी परत घेतात, आणि दर वेळी सपोर्ट नव्याने सुरू होतो.

पॅनेलच्या डेमोबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. टेस्टरमध्ये चार्टच्या घटना कोडपर्यंत पोचतच नाहीत. तुमची सगळी बटणं ऑनचार्टइव्हेंटवर बेतलेली असतील तर डेमो घेणारा व्हिज्युअल मोडमध्ये बटण दाबत बसतो आणि काहीच होत नाही. साधन मोडकं आहे असं समजून तो जातो. उपाय सोपा आहे : टेस्टर चालू आहे का ते सुरुवातीला तपासायचं, असेल तर प्रत्येक टिकवर बटणांची दाबलेली अवस्था स्वतः वाचायची, काम करायचं आणि बटण परत वर आणायचं. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. पॅनेलचा डेमो असा चालता ठेवला की महिन्याच्या भाड्याची गरज उरत नाही, त्यामुळे काळवीट यांचा मुद्दा आणखी पक्का होतो.

आणि पॅनेल युटिलिटी प्रकारातच घाला. रोबोच्या प्रकारात घातलं तर स्वयंचलित तपासणीत 'एकही व्यवहार झाला नाही' म्हणून अडकतं.

---

टिकटिक

तपासणीचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो. फाइल चढवली की मार्केटचं यंत्र ती वेगवेगळ्या सिम्बॉलवर आणि टाइमफ्रेमवर चालवून बघतं. तुमचा रोबो फक्त सोन्यासाठी असला तरी त्याला युरो-डॉलरवरही चालवलं जातं. तिथे तो व्यवहार करो न करो, पडता कामा नये. बहुतेकांची फाइल ठरावीक चार-पाच कारणांनीच परत येते.

एरर कोड १००१४, चुकीचा व्हॉल्यूम (लॉट). लॉट किमान, कमाल आणि स्टेप या तिन्हींत बसवायला हवा. इथे दशांशाचा एक सापळा आहे. काही निर्देशांकांवर स्टेप ०.१ असते. हिशेबाने लॉट ०.३ आला, आपण ०.३ भागिले ०.१ करून मॅथफ्लोअर लावतो. संगणकात हा भागाकार २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, फ्लोअर केल्यावर २ उरतात आणि ग्राहकाला ०.३ ऐवजी ०.२ लॉट जातो. एरर येत नाही, फक्त जोखीम एक तृतीयांशाने घटते, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. फ्लोअर करण्याआधी भागाकार आठ दशांश स्थळांपर्यंत नॉर्मलाइज करा.

१००१६, चुकीचे स्टॉप. ब्रोकरची स्टॉप लेव्हल (स्टॉप भावापासून किमान किती लांब हवा) वाचा, आणि पोझिशन बदलण्याआधी फ्रीझ लेव्हलही (भाव इतका जवळ आला की बदल करता येत नाही) वाचा. ट्रेलिंगमध्ये नवा स्टॉप जुन्याइतकाच असेल तर विनंती पाठवूच नका. प्रत्येक टिकवर तीच विनंती गेली की लॉग एररने भरतो.

१००१९, पैसे पुरत नाहीत. ऑर्डर पाठवण्याआधी ऑर्डरकॅल्कमार्जिनने मार्जिन (व्यवहारात अडकणारी अनामत) मोजा. न पुरल्यास एकदाच छापा आणि थांबा.

१००३०, फिलिंगची (ऑर्डर पूर्ण करायची) पद्धत चुकीची. ही तपासणीत सुटते आणि ग्राहकाकडे सापडते. कोडमध्ये एकच पद्धत ठोकलेली असते आणि त्याचा ब्रोकर दुसरी मागतो. सिम्बॉलकडून विचारून घ्यायला दोन ओळी पुरतात.

याशिवाय शून्याने भागाकार आणि अ‍ॅरेच्या मर्यादेबाहेर जाणं. दोन्ही बहुधा इतिहासात बार कमी असताना होतात. इंडिकेटरने मागितले तेवढे बार दिले का, हे कॉपीबफरच्या उत्तरातून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोबो स्वतःचा वेगळा इंडिकेटर वापरत असेल तर तो रिसोर्स म्हणून त्याच फाइलमध्ये गुंफा, कारण ग्राहकाकडे एकच फाइल जाते.

सोन्याबद्दल स्वतंत्र लिहायलाच हवं, कारण निम्मी गिऱ्हाइकं सोन्यावरच असतात. काही ब्रोकर सोन्याचा भाव दोन दशांशात देतात, काही तीन. तुमच्या इनपुटमध्ये 'स्टॉपलॉस ५०० पॉइंट' असेल तर पहिल्याकडे तो ५ डॉलरवर लागतो आणि दुसऱ्याकडे ५० सेंटवर. ५० सेंटमधला मोठा भाग स्प्रेडच खातो, ऑर्डर उघडताच उडते, आणि ग्राहक लिहितो की रोबो फसवा आहे. इनपुट पॉइंटमध्ये घेऊच नका. भावाच्या अंतरात घ्या, किंवा एटीआरच्या (भावाच्या सरासरी हालचालीच्या) पटीत. लॉट मोजताना टिक साइझ आणि टिक व्हॅल्यू वापरा, किंवा सरळ ऑर्डरकॅल्कप्रॉफिटला विचारा. सोन्याचा करार बहुतेक ठिकाणी १०० औंसांचा असतो, म्हणजे ०.०१ लॉट म्हणजे १ औंस आणि भाव १ डॉलर हलला की १ डॉलर. हे वाक्य वर्णनात जसंच्या तसं लिहा, निम्मे प्रश्न कमी होतात.

सिम्बॉलचं नाव कोडमध्ये ठोकू नका हे सांगायला नको. कुठे मागे एखादं अक्षर जोडलेलं असतं, कुठे नावच 'गोल्ड' असतं.

---

माणदेशी_माणूस

खूप उपयुक्त. एक प्रश्न. रोबो विकायचा तर लोक खऱ्या पैशांवरचा चालू सिग्नल (खात्यावरच्या व्यवहारांची जाहीर नोंद) मागतात. भारतात बसून तो दाखवायचा कसा? परदेशी ब्रोकरकडे पैसे पाठवणं नियमात बसतं का?

---

हिशेबनीस

बसत नाही. निवासी भारतीयाने परकीय चलनाचे व्यवहार फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) अधिकृत व्यक्तींमार्फत आणि अधिकृत मंचांवरच करायचे असतात. एलआरएसमधून (निवासी भारतीयांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेतून) परदेशात मार्जिन भरायला पैसे पाठवणं मना आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची सावधयादी काढली आणि ती पुढे वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत झाला असं मात्र नव्हे. सॉफ्टवेअर लिहिणं, ते डेमो खात्यावर तपासणं आणि परदेशातल्या ग्राहकांना विकणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तुम्ही चलनाचा व्यवहार करत नाही, सॉफ्टवेअर निर्यात करता. पण 'पुरावा म्हणून माझं दोन हजार डॉलरचं खातं' हा मार्ग निवासी विक्रेत्याला बंद आहे. मित्राच्या नावाने किंवा यूएसडीटीतून (डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोतून) वळसा घालायचा सल्ला काही जण देतात. तो कृपया कुणी इथे देऊ नये.

पैशांच्या बाजूचं थोडं. परदेशातून बँकेत रक्कम येते तेव्हा बँक पर्पज कोड (रक्कम कशासाठी आली याचा) विचारते. पी०८०२ हा सल्ला आणि अंमलबजावणीसारख्या कामांचा, पी०८०७ हा ऑफसाइट सॉफ्टवेअर निर्यातीचा. सॉफ्टवेअर निर्यातीत सॉफ्टेक्स फॉर्मचा (निर्यातीच्या घोषणेचा) प्रश्न येतो, तो एसटीपीआयकडे (सॉफ्टवेअर पार्कच्या सरकारी संस्थेकडे) असतो. पुण्याचं कार्यालय हिंजवडीला आहे. कोणता कोड लावायचा हे पहिली रक्कम यायच्या आधी बँकेच्या फॉरेक्स डेस्ककडून लेखी घ्या, नंतर बदलणं किचकट जातं. आवक रकमेचं प्रमाणपत्र दर वेळी मागून ठेवा.

जीएसटीत सेवांसाठी २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि आंतरराज्य सेवांनाही ही सूट लागू आहे. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला पोर्टलवर एलयूटी (हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यात कर न भरता करता येते. उलाढाल मोजताना कमिशन कापून हाती आलेली रक्कम धरू नका : पूर्ण विक्री जमेला, २० टक्के खर्चाला. मंचावरचं मासिक विवरण उतरवून ठेवायची सवय लावा. आयकरात हे पेशाचं उत्पन्न की धंद्याचं, यावर अंदाजित कराची टक्केवारी बदलते. तयार सॉफ्टवेअरच्या प्रती विकणं आणि एखाद्याला कोड लिहून देणं या दोन गोष्टी सीएसमोर वेगळ्या मांडा.

---

काळवीट

हिशेबनीस, फार मोलाचं लिहिलंत. माणदेशी, यातून माझा निष्कर्ष असा : भारतात बसून विकायचं तर युटिलिटी आणि इंडिकेटर विका. लॉट मोजणारं, पोझिशन सांभाळणारं, प्रॉप फर्मची (परीक्षा घेऊन आपल्या पैशांवर ट्रेड करू देणाऱ्या कंपनीची) दैनंदिन तोट्याची मर्यादा पाळणारं साधन घ्यायला कुणी तुमचा सिग्नल मागत नाही. ते चालतं की नाही हे पाच मिनिटांत दिसतं. तुम्ही ग्राहकाचा वेळ वाचवता, नफ्याचं आश्वासन देत नाही, आणि म्हणूनच रात्री निवांत झोपता. रोबोच करायचा असेल तर डेमो खात्याचा चालू सिग्नल दाखवा, तो डेमो आहे हे पहिल्याच ओळीत लिहा, आणि त्यामुळे किंमत निम्मी राहील हे मान्य करा.

---

शेवगा

प्रॉप फर्मवाल्या साधनाबद्दल थोडी भर. बऱ्याच फर्ममध्ये दिवसाची मर्यादा ५ टक्के आणि एकूण १० टक्के असते, पण मोजायची पद्धत वेगळी : कुणी दिवसाच्या सुरुवातीचा बॅलन्स धरतं, कुणी बॅलन्स आणि इक्विटी (चालू नफा-तोटा धरून रक्कम) यांतलं मोठं. दिवसही बहुधा सर्व्हरच्या घड्याळाने बदलतो, भारतातल्या मध्यरात्री नाही. सर्व्हर बहुधा जीएमटीच्या २ तास पुढे, उन्हाळ्यात ३. हे दोन्ही इनपुटमध्ये द्या : मोजायची पद्धत आणि दिवस बदलायची वेळ. आणि मर्यादेच्या आधी थांबायला जागा सोडा. ५ टक्क्यांवर बंद करायला घेतलं तर स्लिपेजने (ऑर्डर थोड्या वाईट भावाला लागल्याने) ५.१ होतात आणि खातं जातं. डिफॉल्ट ४ ठेवा.

अशा साधनाला ग्राहक चांगली किंमत देतो, कारण त्याची परीक्षेची फी आधीच गेलेली असते.

---

पाइनवृक्ष

ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळाचा पर्याय कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. तिथे पाइन स्क्रिप्ट (तिथल्या भाषेतला प्रोग्राम) 'निमंत्रितांसाठी' म्हणून प्रकाशित करता येते. कोड दिसत नाही आणि तुम्ही ग्राहकाच्या युजरनेमला परवानगी देता, तिला शेवटची तारीखही लावता येते. त्यासाठी तुमची योजना प्रीमियम किंवा वरची हवी, म्हणजे वर्गणीचा खर्च आधी. मंच पैसे गोळा करत नाही. वसुली, पावती, मुदत संपल्यावर नाव काढणं, सगळं तुमच्याकडे. कमिशन नाही, पण गिऱ्हाईक आणणंही तुमच्याकडेच. ग्राहक परवानगी मिळाल्यावर युजरनेम बदलून बघतात, पैसे परत मागतात आणि तोवर स्क्रिप्ट वापरून झालेली असते, असे प्रकार गृहीत धरा.

भाड्यालाच हे बरं आहे. कायमची विक्री तिथे करू नये, कारण तुमची प्रीमियम वर्गणी चालू राहणं हा तुमच्या वचनाचा भाग होऊन बसतो.

---

निफ्टीकर

आणि आपल्या एनएसईसाठी? अ‍ॅमिब्रोकरचे एएफएल (त्या चार्ट सॉफ्टवेअरचे प्रोग्राम) आणि ब्रोकरच्या एपीआयवर (प्रोग्रामने ऑर्डर पाठवायच्या मार्गावर) चालणारे बॉट टेलिग्रामवर धडाक्यात विकले जातात.

---

हिशेबनीस

तिथे सेबी आहे आणि नियम बरेच कडक झालेत. २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने ब्रोकरना अशा मंचांशी संबंध ठेवायला मनाई केली, जे अल्गोच्या (आपोआप व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामच्या) मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा उल्लेख करतात. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक. त्यात अल्गोचे दोन प्रकार केले. ज्याचा तर्क वापरणाऱ्याला दिसतो आणि पुन्हा करून बघता येतो तो व्हाइट बॉक्स. तर्क झाकलेला असेल तो ब्लॅक बॉक्स, आणि तो देणाऱ्याला रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी हवी, प्रत्येक अल्गोचा संशोधन अहवाल ठेवायला हवा. तर्क बदलला की अल्गो नव्याने नोंदवायचा. अल्गो पुरवणाऱ्याने एक्स्चेंजकडे एम्पॅनल व्हायचं आणि ब्रोकरचा एजंट म्हणून काम करायचं. एपीआयसाठी स्थिर आयपी, आणि सेकंदाला १० ऑर्डरच्या पुढे गेलात तर स्वतःचा अल्गोही ब्रोकरमार्फत नोंदवायचा. तो जवळच्या कुटुंबापुरताच वापरता येतो. अंमलबजावणीची तारीख आधी १ ऑगस्ट २०२५ होती, ती टप्प्याटप्प्याने १ एप्रिल २०२६ पर्यंत नेली.

थोडक्यात, कुलूपबंद 'बँकनिफ्टी बॉट' नोंदणीशिवाय विकणं हा आता धंदा राहिलेला नाही. व्यवहार न करणारा, फक्त चार्टवर माहिती दाखवणारा इंडिकेटर वेगळा; पण त्यावर 'खरेदी करा' असे बाण आले आणि जाहिरातीत टक्केवारी आली की तुम्ही पुन्हा सल्ल्याच्या हद्दीत शिरता.

---

टिकटिक

+१. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २२ ते २४ मध्ये वैयक्तिक एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. अशा बाजारात परताव्याचा आकडा लावून सॉफ्टवेअर विकू नये, नियम असो वा नसो.

बॅकटेस्टच्या चित्रांबद्दलही इथेच सांगतो. '१ मिनिट ओएचएलसी' (मिनिटाचा फक्त पहिला, वरचा, खालचा, शेवटचा भाव) मॉडेलवर स्काल्पर (झटपट छोटे व्यवहार करणारा रोबो) फार देखणा दिसतो, कारण मिनिटाच्या आत भाव कुठून कुठे गेला हे टेस्टर अंदाजाने जोडतो. चित्र टाकायचं तर 'खऱ्या टिकांवर आधारित' मॉडेलचंच टाका, ब्रोकरचं नाव न घेता स्प्रेड, कालावधी आणि सुरुवातीची रक्कम लिहा. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता, म्हणजे सर्व्हरच्या मध्यरात्रीच्या आसपास, स्प्रेड रुंदावतात; त्या वेळेत नफा कमावणारा रोबो प्रत्यक्षात तसा कमावत नाही. बातम्यांचा फिल्टर असेल तर लक्षात ठेवा, आर्थिक कॅलेंडरची फंक्शन टेस्टरमध्ये चालत नाहीत. म्हणजे तुमचं चित्र फिल्टरविना आहे, हे लिहायला हवं.

मार्टिंगेल (तोट्यानंतर लॉट वाढवणं) किंवा ग्रिड (ठरावीक अंतरावर ऑर्डर रचत जाणं) असेल तर ते शब्द वर्णनात असू द्या. लपवून विकलेल्या ग्रिडचे रिव्ह्यू एका दिवसात येतात, ज्या दिवशी बाजार एकाच दिशेला चालत राहतो.

---

अनुस्वार

किंमत चढवण्या-उतरवण्याबद्दल. 'पहिल्या १० प्रती ७९, नंतर ९९' ही पायरी बरी चालते, कारण पहिल्या दहा जणांकडून रिव्ह्यू हवे असतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळायला हवा. पण दहा खपल्यावर खरंच चढवा. आणि एकदा चढवल्यावर उतरवू नका. १४९ ला घेतलेला माणूस महिन्याने ७९ पाहतो तेव्हा तो परतावा मागतो, मिळत नाही, मग जे लिहितो ते कायम राहतं. सवलत द्यायचीच असेल तर ती भाड्यावर द्या. भाडं संपतं, त्यामुळे तुलना टिकत नाही.

अ‍ॅक्टिव्हेशन किती द्यावीत यावर वाद असतो. अ‍ॅक्टिव्हेशन संगणकाला बांधलेलं असतं. विंडोज नव्याने टाकलं किंवा व्हीपीएस (भाड्याचा दूरस्थ संगणक) बदललं की एक खर्च. व्हीपीएसवाले वर्षाला एक-दोन सहज घालवतात. १० द्या. पाचच ठेवून वाचत काही नाही, आणि पाच संपलेला जुना ग्राहक तुमच्या दारात येतो. मेटाट्रेडरचं स्वतःचं व्हर्च्युअल होस्टिंग वापरलं तर अ‍ॅक्टिव्हेशन खर्ची पडत नाही, हे वर्णनात लिहून टाका.

---

शेवगा

सपोर्टचे दोन तास एका तासावर आणायचे असतील तर 'रोबो व्यवहार करत नाही' या एका तक्रारीचं उत्तर कोडनेच द्यायला हवं. कारणं ठरलेली आहेत : अल्गो ट्रेडिंगचं बटण बंद, उत्पादनाच्या खिडकीतली परवानगी बंद, इन्व्हेस्टर पासवर्डने (फक्त बघायची मुभा देणाऱ्या) लॉगइन, सिम्बॉलवर फक्त बंद करायची मुभा, खात्यात पैसे कमी, ठरवलेली वेळ सर्व्हरच्या नव्हे तर भारताच्या घड्याळाने टाकलेली. या सगळ्या गोष्टी कोडला विचारता येतात. चार्टच्या कोपऱ्यात एकच ओळ दाखवा : 'थांबलो आहे, कारण टर्मिनलमध्ये अल्गो ट्रेडिंग बंद आहे'. ग्राहक तुम्हाला लिहायच्या आधी बटण दाबतो.

बाहेरच्या सर्व्हरला विनंती पाठवणारं साधन असेल तर पत्ता ग्राहकाने स्वतः टर्मिनलच्या परवानगी यादीत घालावा लागतो आणि टेस्टरमध्ये ते चालतच नाही. शक्यतो टाळा.

वर्णनात बाहेरच्या लिंक आणि टेलिग्रामचे पत्ते देऊ नका, मॉडरेटर उत्पादन परत पाठवतात. लोगो २०० बाय २०० पिक्सेल. त्यात तीन शब्द कोंबले की यादीत काहीच वाचता येत नाही, एक चिन्ह पुरे. वर्णन आधी इंग्रजीत असावं लागतं, बाकी भाषा नंतर.

---

माणदेशी_माणूस

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : पहिलं अपडेट चढवताना व्हर्जनवरून अडतं आणि अपडेटनंतर जुन्या ग्राहकांची सेटिंग बिघडते असं वाचलं. नेमकं काय होतं?

---

टिकटिक

व्हर्जन प्रॉपर्टी आकड्यांतच हवी, जसं १.१०, आणि आधीपेक्षा मोठी. अक्षरं जोडली किंवा तोच आकडा ठेवला की फाइल घेत नाही.

सेटिंगचं कारण गंभीर आहे. ग्राहकाच्या सेट फाइलमध्ये प्रत्येक मूल्य इनपुटच्या कोडमधल्या नावाखाली साठवलेलं असतं. तुम्ही कोड नीटनेटका करताना 'लॉट' या इनपुटचं नाव 'फिक्स्डलॉट' केलं तर जुन्या फाइलमधलं मूल्य कुणालाच जोडलं जात नाही, आणि टर्मिनल काही न बोलता तुमचं डिफॉल्ट लावतो. ग्राहकाने ०.०१ ठेवलं होतं, तुमचं डिफॉल्ट ०.१ आहे : दुसऱ्या दिवशी दहापट लॉट. म्हणून विकायला ठेवलेल्या साधनातल्या इनपुटचं नाव कधीच बदलायचं नाही. ग्राहकाला दिसणारा मजकूर बदलायचा असेल तर त्या ओळीच्या शेवटची टिप्पणी बदला, खिडकीत तीच दिसते. नको झालेलं इनपुट काढून दुसऱ्या अर्थाने तेच नाव परत वापरू नका. आणि लॉटचं डिफॉल्ट पहिल्या आवृत्तीपासूनच ०.०१ ठेवा.